किल्ला आणि वाळवंट, चहासह

ज्येष्ठ नागरिक कट्ट्याच्या फळ्यावर चिठ्ठी लागली:
एक दिवसाची सहल, किल्ला आणि वाळवंट,
नाश्ता-जेवण-चहासह साडेसहाशे.
गुडघ्याचे पट्टे आपापले आणावेत.

रेवणकर म्हणाले, नवी मुंबईत वाळवंट कुठलं,
लिहिणाऱ्याची चूक असेल.
तरी तेरा जणांनी पैसे भरले.
चौदावी मी, हिशेबाच्या वहीसकट.

हसुराम मढवीची गाडी सातला म्हणजे सातला.
सतरा वर्षं शारजात पाहुण्यांना वाळूवर फिरवलेला माणूस.
आरशाला अजून लटकतो पितळी उंट,
त्याचा एक पाय मोडलेला.

आधी बेलापूरचा किल्ला.
किल्ला म्हणजे एक बुरूज, थोडी भिंत
आणि भिंतीत मुळं रुतवून उभा पिंपळ.
झाडाने भिंत धरलीय की भिंतीने झाड,
यावर टाकसाळे नवरा-बायको
उपम्याच्या डिशा रिकाम्या होईतो भांडले.

"इथून भुयार जातं," हसुराम म्हणाला, "थेट घारापुरीला."
"कुणी पाहिलंय?"
"पाहिलं असतं तर भुयार कसलं?"
रेवणकरांनी दगडाला कान लावला.
आम्ही हसलो. मग एकेकाने, इकडेतिकडे बघत, लावला.
मला माझ्याच कानातलं यंत्र ऐकू आलं,
बारीक शिट्टी.

दुपारी मटकी खारट झाली होती. वहीत लिहिलं नाही.

चार वाजता, पूल ओलांडून उलव्याच्या अंगाला,
गाडी डांबरावरून खाली उतरली.
हसुरामने चारी चाकांची हवा थोडी थोडी सोडली.
कुणी सांगितलं नव्हतं. हातांना सवय होती.

दार सरकलं
आणि खरंच होतं ते.
खाडीच्या तळातून उपसून पसरलेली वाळू,
करडी, नजर पोचेल तिथवर,
मध्येच एक पिवळं यंत्र, रविवार म्हणून झोपलेलं.
सावल्या फक्त आमच्या. पंधरा, हसुराम धरून.

"टाच आदी नाय टाकायची. चवडा.
वालूला कलू द्यायचा नाय, तुमी आलाव."
सकाळची पुस्तकी मराठी त्याने गाडीतच ठेवली होती.
कोपरकरकाका बगळ्यासारखे चालले.
टाकसाळेबाईंना शिंपला सापडला,
तो त्यांनी गोळ्यांच्या डबीत
गुरुवारच्या खणात ठेवला.

रेवणकरांनी विचारलं, उंट कुठाय?
हसुराम हसला. मग पायाने एक रेघ ओढली.
"यं बांध. त्याच्या पल्याड आमचा शेत व्हता.
खाऱ्या पान्यातला भात, लाल.
आय फोनवर इचारायची,
तुज्या वालवंटान पानी मिलतं का रं?
मी बोलायचो, मिलतं. बाटलीन."

मी काही बोलले नाही.
तीस वर्षं मी नकाशांच्या खात्यात होते.
ट्रेसिंग पेपरवर, बांधांच्या आतल्या कोऱ्या जागांत
पुष्कळदा एकच शब्द भरायचा असे:
पडीक.
साहेब माझ्या अक्षराला शाबासकी द्यायचे.
'ड'चं पोट मी सुरेख काढत असे.

त्याने मोबाईल माझ्या हातात दिला.
"एक फोटू काडा. शारजाशी धाडायचो, तसाच.
मागं निस्ती वालू येव द्या."
धाडायचा कुणाला, ते मी विचारलं नाही.
पडद्यात माणूस, वाळू,
आणि डाव्या कोपऱ्यात
तिवराची एक हिरवी काडी घुसलेली.
मी ती राहू दिली.

परतताना पंपावर चाकं पुन्हा फुगली.
चहा झाला, साखर जास्त.
वहीत लिहिलं: हवा, चाळीस रुपये.

रात्री मोरीत चपला झटकल्या.
चिमूटभर वाळू पडली.
खारट.
कशावरून, ते विचारू नका.