बरण्या आठ

कारखान्यात तीस वर्षं भोंग्याच्या सरावात गेली ह्यांची,
म्हणून निवृत्तीनंतर नेरूळच्या सिडकोच्या घरात
माळ्यावर आणीबाणीची सोय झाली:
चिकमगळूरच्या भाजक्या बिया, आठ बरण्या,
झाकणांना मेण, आत सिलिकाची पुडी,
बाहेर ह्यांच्या टपोऱ्या अक्षरात तारीख.
‘दळली की वास उडतो. अख्खीच ठेवावी.’
माणसाचंही तसंच, मी म्हटलं.
ह्यांचं लक्ष मेणाकडे.

खाडीचं पाणी चढेल, पूल बंद होईल,
दूध येणार नाही, सगळं वहीत होतं.
घरातली चहापत्ती संपली तरी
बरणीला हात लावायची मुभा नव्हती.

मेमध्ये सेक्टरचा ट्रान्सफॉर्मर जळला.
दुसऱ्या रात्री, मेणबत्तीच्या उजेडात,
ह्यांनी पहिली बरणी फोडली,
बिया मिक्सरच्या भांड्यात ओतल्या,
बटण दाबलं.

पुन्हा दाबलं.

मी काही बोलले नाही.
ओट्याखालून खलबत्ता काढला, पितळी, आईकडचा.
तो वहीत नव्हता.

ठण् ठण् ऐकून खालचे कुरियन
टॉर्च घेऊन भांडायला आले
आणि दारातच वास घेत उभे राहिले.
गावंडांची प्रमिला गूळ घेऊन आली.
जिन्यात नऊ जण, हातात वाट्या,
कोरी कॉफी, जाडीभरडी, दातांत कण.
थोडी खवट झाली होती.
कुणी म्हटलं नाही.

सकाळी हे खलबत्त्यावर
तारखेची चिठ्ठी चिकटवायला निघाले.
दिला नाही मी.
लसूण कुटायचा होता.