खालून वर

बुरेला बंदरात मच्छीमार संघाच्या माडीवर माझं टेबल.
खिडकीबाहेर बर्फाच्या कारखान्याची पन्हळ खडखडते.
दोसिंदाने येऊन फोन माझ्यापुढे ठेवला, म्हणाली,
हे बघ, आत्ता सापडलं.

शेन्शोचं पत्र. आलं होतं वेळेवर,
पण वेशीबाहेरच्या खोलीत,
लॉटऱ्या, केस उगवणारी तेलं, कुणा मेलेल्या कर्नलची इस्टेट
यांच्या घोळक्यात अकरा दिवस बसून होतं.

मजकूर एवढाच:
'करंगळी कापलीय, फार नाही. बुधवारी पहाटेच लागतोय.
धक्क्यावर ये. गाडी आण.'
विषयाची जागा रिकामी. ती तो कधीच भरत नाही,
म्हणतो, तुला सांगायचंय त्याला नाव काय देऊ?

बुधवारी तो चढ चढून पायीच घरी गेला,
पट्टीचा हात कोटाच्या खिशात.
दार उघडून ही म्हणाली, तू? आज?
तो बोलला नाही. मग पाच दिवस हीसुद्धा नाही.

लोक मायन्यापासून वाचतात.
मी वाचते मायन्याच्या वरचं, आणि तेही तळापासून,
कारण प्रत्येक नाका आपला शिक्का
आधीच्या शिक्क्याच्या डोक्यावर मारतो.

तळाशी जहाज, नोवा पार्देला.
त्यावर उपग्रह.
त्यावर आयर्लंडमधला कुठलासा सर्व्हर,
त्याला आकडा आहे, आकड्याला नाव नाही,
उलट विचारलं, तू कोण, तर मुका.
दंड.
सही होती, पण वाटेत कंपनीने खाली चिकटवलं
'छापण्याआधी झाडांचा विचार करा',
आणि एक अक्षर हललं तरी सही मोडते.
दंड.
आणि तारीख:
एक जानेवारी एकोणीसशे सत्तर, मध्यरात्र उलटून चाळीस मिनिटं.
जहाजावरच्या खोक्यातली गुंडीएवढी बॅटरी मेली होती,
वेळ जिथून मोजायला घेतात तिथे घड्याळ जाऊन पडलं होतं.

पाच गुणांना दार लागतं.
शेन्शोचे भरले सहा पूर्णांक चार.

त्याच सकाळचं आणखी एक, दोसिंदाच्याच फोनवर, दिमाखात सगळ्यात वर:
'आपले खाते गोठवले आहे. इथे दाबा.'
सही शाबूत, नाव-गाव जुळतंय, घड्याळ सेकंदाला बरोबर.
शून्य पूर्णांक दोन.
चोराचे कागद चोख असतात,
त्याला दुसरं काम काय?

संध्याकाळी शेन्शो आला, टोपी हातात चुरगाळत.
पण सत्तरमध्ये मी जन्मलोही नव्हतो, म्हणाला.
म्हटलं, यंत्राला तरी काय वेगळं वाटलं?

बॅटरी दोन युरोंची.
आयर्लंडला तीन फोन केले तेव्हा त्या आकड्याचं बारसं झालं.
झाडांची ओळ काढायला लावली, कंपनी थोडी रुसली.

विषयाची जागा मात्र तशीच राहू दिली.
त्याचा एक गुण दर वेळी चढतो.
चढू दे,
अजून चार शिल्लक आहेत.