क्यू

कपाटाच्या खालच्या कप्प्यात, विजेची बिलं
आणि बंद पडलेल्या साप्ताहिकाचं ओळखपत्र
यांच्या मागे तो अजून आहे.
बॅटरी पुरीसारखी फुगली म्हणून काढून टाकली,
मागचं झाकण रबरबँडनं धरलंय.

सेलूच्या मोंढ्यातल्या पोरानं उलटापालटा करून बघितला.
म्हणाला, काका, हे आता वजनावर जातंय.
मग थबकला.
ए पुसला, ते ठीक.
पण हा कोपऱ्यातला क्यू कशानं झिजला?
याला कोण हात लावतंय?

मी म्हणालो, राहू दे, विकायचा नाही.

ए कसा पुसला ते सांगता आलं असतं.
आपली भाषा रोमन अक्षरांत कोंबायची
तर पावलोपावली ए लागतो.
पाणी आलं नाही, एवढं लिहायला सहा.
आणि ते तर मी आठवड्यातून दोनदा लिहायचो,
कधी नगरपालिकेचं नाव घालून, कधी न घालता.

नांदेडहून आणला होता, सेकंडहँड,
दोन हजार नऊच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी.
मसुरीच्या डाळीएवढी बटणं.
एकावर बारीक उंचवटा,
तिथं अंगठा टेकला की बाकीचं गाव सापडायचं.
लोडशेडिंगमध्ये ती निळसर उजळायची.
गल्लीत तेवढाच उजेड,
आणि टिक टिक, टिक.
बायको म्हणायची, भिंतीत पाल चुकचुकतीय का तू आहेस?

कय्यूमच्या मोटारसायकलवर मागं बसून
मी अख्ख्या बातम्या लिहिल्यात.
पाथरी रोड म्हणजे खड्ड्यांना जोडलेली डांबराची ठिगळं.
कॅमेऱ्याची पिशवी आमच्या दोघांच्या मधे.
तो ओरडायचा, तू लिख मियाँ, गड्ढे मैं देखता.
आणि मी लिहायचो, वर बघत,
कापसाची फुटलेली बोंडं बघत,
दुधनेच्या पुलावरची बकरी बघत.
अंगठे खाली आपापलं काम करायचे.
जिंतूरकडच्या गारपिटीची बातमी
मी एकदाही पडद्याकडं न बघता पाठवली.
चुका दोनच निघाल्या,
आणि त्यातली एक संपादकाची.

आता काच.
काचेला खालीवर नाही, उजवंडावं नाही.
अंगठा घसरतो, शब्द तीच पुरा करते,
मी 'गारा' लिहिलं की तिला 'गाराणं' हवं असतं.
अर्थात तीही चूक म्हणता येत नाही.
नात म्हणते, आबा, बोला ना त्यात, लिहिता कशाला?
मी बोलतो. माझाच आवाज ऐकू येतो
आणि अनोळखी वाटतो,
खोकला मधेच.

कय्यूमनं स्टुडिओ मोडला ते वर्ष
लग्नातले फोटोसुद्धा लोक स्वतःच काढायला लागले होते.
शारजाहला गेला, मेव्हण्याच्या दुकानात.
पहिले काही महिने
मी रोज लिहायचो, तो कधीकधी.
नाव मात्र मी पूर्ण लिहायचो, क्यूनं सुरू होणारं.
के लावला तर त्याला राग यायचा.
"मेरे नाम का पहिला हर्फ तुम्हारे यहाँ है ही नहीं,
तो जो है उसमें से अच्छावाला लगाओ."
सगळ्यात कोपऱ्यातलं, सगळ्यात कोरं बटण
मी त्याच्यासाठी राखून ठेवलं होतं.

मग नंबर बदलला. त्याचा आधी, का माझा,
आता आठवत नाही.
काचेत त्याचं नाव घातलं
की एकशेअठ्ठावन्न कय्यूम येतात.
हसणारे, गाडीला टेकलेले, गुलाबाचं फूल लावलेले.
एकाच्याही गळ्यात कॅमेरा नाही.

काल रात्री लाईट गेली तेव्हा
कप्पा उघडून तो हातात घेतला.
मेलेलाच. उजेड कुठून येणार.
डाव्या अंगठ्यानं वरचा कोपरा शोधला, लगेच सापडला.
क्यू.
मग उरलेलं नाव. मग कुठायस.
मग पाणी आलं नाही.

बटणं अजून दाबली की वर येतात.