बारा मिनिटं

पंख्यात पालीची दोन अंडी होती. आधी ती काढली.
मग जुन्या टूथब्रशने खार:
वायर जिथे खोचतो त्या खाचेत हिरवट बुरा,
विजयदुर्गची हवा तांब्याला सोडत नाही.
दोन डिस्कांचा हा काळा डबा
दुकान चालू होतं तेव्हाचा.
तेजस्विनी व्हिडिओ शूटिंग, बसस्टँडच्या समोर.
आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात.

आत सात वर्षांची लग्नं आहेत.
पडेल, वाघोटण, गिर्ये, तिर्लोट,
हळदी, पाठवण्या, पंगतीतली भांडणं,
आणि पुढे मोडलेले दोन संसार, तेही फुल एचडीत.

परवा झुलेखा मुकादम आली,
हातात नवा पेनड्राइव्ह, पाकीटही न फोडलेला.
"अब्बांचा फोटोच नाही हो आमच्याकडे.
आधारवर आहे, पण त्यात ते दुसरेच कोणी दिसतात.
घाड्यांच्या लग्नाचं वऱ्हाड त्यांनीच तरीतून आणलं होतं.
तुम्ही होतात ना?"
होतो.
मला आठवली फक्त पिवळी तर,
आणि ओली झालेली माझी लेन्स.

लॅपटॉपला डबा दिसतो, पण दोघांचं बोलणं होत नाही.
याची बोली जुनी, म्हणे, आता चालत नाही.
माझी आई आणि पुण्याहून आलेली तिची नातसून
अशाच बसतात ओटीवर,
एकमेकींकडे बघून नुसतं हसत.

कंपनीने या डब्यासाठी शेवटची फाइल काढली
त्याला सहा वर्षं झाली. यानंतर काही नाही, असं त्यांनीच लिहिलंय.
आणि खाली लाल अक्षरांत:
अपडेट चालू असताना वीज बंद होऊ देऊ नये.
लिहिणारा माणूस आमच्याकडे कधी राहिलेला दिसत नाही.
यूपीएसची बॅटरी फुगून कैरीएवढी झालीय,
इन्व्हर्टर चालू व्हायला एक क्षण घेतो,
आणि त्या एका क्षणात डबा वीट होतो. कायमची.

म्हणून सबस्टेशनला फोन केला, दिगंबर तेल्याला.
"बारा मिनिटं. फक्त बारा मिनिटं घालवू नकोस."
"अरे, माका काय सांगतंस? वरसून ट्रिपिंग इला तर?
तुझ्या डब्यासाठी गावचो फिडर धरून बसू?"
मग जरा थांबून,
"कोणाचा काम आसा?"
सांगितलं.
"मुकादम तांडेल? मग कर चालू.
झाडां तोडूक जायत होतंव, जातंव मागीर."

दहा टक्के. एकोणीस.
डिस्क आतून खवळते, कोणी पोह्यांत हात घालावा तशी.
चाळीस.
मी फ्रिज बंद केला, पंखा बंद केला,
उगाच. घामाने चष्मा घसरत राहिला.
सदुसष्टवर आकडा अडला
आणि ट्यूब एकदा मिटून उघडली.
रामेश्वराला नारळ बोललो नाही,
पण तो बोललाय असं समजला असेल तर
मी नाही म्हणणार नाही.
अडुसष्ट.

दिवा विझला. पेटला. निळा.
लॅपटॉपने फोल्डर उघडला,
जणू कधी अबोला नव्हताच.

झुलेखा माझ्या खुर्चीच्या मागे उभी.
धक्का, बँडवाले, नवरीचा मामा, तर,
आणि काठाशी दोर ओढणारा एक माणूस,
पाठमोरा, टोपी.
कॅमेरा जवळ जातो. तो वळतो, हसतोय बहुतेक,
म्हणतो, "बंद कर रे ते," आणि
अख्खा पडदा त्याच्या हाताने भरून जातो.
चार सेकंद. पुढे जिलेबी.

"दुसऱ्या फायलीत बघतो," मी म्हणालो.
"नको," ती म्हणाली. "इथेच थांबवा. हातावर."
अंगठ्याखाली दोराने कापलेली पांढरी रेघ,
ती तिने स्क्रीनला न लावता
बोटाने हवेतच मोजली.

फोन वाजला. दिगंबर.
"झाला काय रे तुझा?
घालवू आता?"