मधला भाग

पहिल्या सहा मेंढ्यांत कड तेवढी जगली.
परांची मधोमध चिरली, रंग चढवला, भिंगाखाली धरली:
काठाकाठाने नवं हाड, दाट, लालसर,
आणि आत, नखभर आत, काहीच नाही.
आम्ही पेरलेल्या पेशी
दार लोटून बसल्या जागी मेलेल्या.

रक्तापासून दोन केसांच्या जाडीइतकं अंतर.
त्यापलीकडे कुणी तगत नाही.

दोष परांचीचा नव्हता. मीच छापली होती,
थरावर थर, कॅल्शियमच्या भुकटीची,
शिळ्या पावासारखी छिद्राछिद्रांची.
घर चोख. आड नव्हता.

"गाव आधी वसतं आणि मग पाणी शोधतं,
असं कुठे असतं का?"
फ्लुरिनने विचारलं, गव्हाण झाडता झाडता,
मान वर न करता.
हाडाचा मेंढपाळ. चाळीस उन्हाळे वरच्या कुरणांवर काढले,
गुडघे संपले, तेव्हा खाली आमच्या गोठ्यात आला.
हेच सांगायला आमच्या प्रोफेसरबाईंना
अकरा पानं लागली होती.

सातवीच्या वेळी मग आधी वाट केली.
तिच्याच पायातली एक शीर सोडवून
परांचीतल्या खाचेतून वळवून घेतली,
एक टोक धमनीला, एक शिरेला,
टाके असे की श्वास रोखून घालायचे.
चिमटे काढले.
शीर फुगली, दचकली, मग ठोके धरले तिने.
उर्सिना मास्कच्या आत काहीतरी पुटपुटली,
तिच्या आजोळच्या बोलीत. मी अर्थ विचारला नाही.

नाव ठेवायचं नाही असा नियम आहे.
कानात बिल्ला: ४१७.
फ्लुरिन तिला मेंगिया म्हणायचा.

तिसऱ्या आठवड्यात बर्फ पडला. सहाव्यात तिने खूर टेकवला.
नवव्यात चारही पायांवर भार घेऊन
फ्लुरिनच्या खिशातलं सफरचंद हुंगू लागली.
क्ष-किरणात सगळं पांढरं, नीटस.
पण रक्त क्ष-किरणाला दिसत नाही.
ते कुठवर पोचलं हे बघायचं,
तर बारावा आठवडा येतो.
तिला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

डोकं फ्लुरिननेच मांडीवर धरलं.

शिरांतून पिवळं रबर भरलं, ते घट्ट होऊ दिलं,
मग हाड आम्लात.
आठवडाभराने हाड गेलं, परांची गेली,
बरणीत उरली नुसती वाट:
फाटे, फाट्यांना फाटे, एकमेकांत गुंतलेले,
आणि मधला भाग सगळ्यात दाट.
उर्सिनाने मला मिठी मारली. कुणीतरी केक आणला.

सोमवारी नेहमीसारखा जिओन आंद्रीचा फोन.
छपरं शाकारणारा माणूस, तीन वर्षं झाली,
नडगी जुळत नाही.
"आत पोचलं," मी म्हटलं.
तो जरा वेळ गप्प. मग, "माझ्यात कधी?"
मी म्हटलं, अजून मेंढ्या आहेत. मग परवानग्या. मग बघू.
"मेंढीचं बरं आहे," तो म्हणाला,
आणि हसला, आणि मला हसता आलं नाही.

संध्याकाळी फ्लुरिनने बरणी खिडकीपाशी नेली,
उजेडात फिरवून फिरवून बघितली.
"चढली असती ही वर," म्हणाला.
बरणी जागेवर ठेवली. हात पँटला पुसले.

गव्हाणीशी आठवी उभी आहे. ४१८.
त्याने तिला अजून हाक मारलेली नाही.