मनगटाची ओळ

खानापूरच्या ठाण्यात बाकाला तीन पाय,
चौथ्याच्या जागी विटा.
बसा की ओ दीनाबाई, बसगौडा हवालदार म्हणाला,
पडत नाही ते.

टेबलावर आमचं प्रभुभोजनाचं ताट.
पितळी, काठाला पोचा. पोचा माझ्याच हातचा,
एका नाताळात निसटलं होतं.
आता त्याला दोऱ्यानं जप्तीची चिठ्ठी.

कोपऱ्यात लगमा.
गेल्या वैशाखात ह्यानंच देवळाची कौलं चाळली,
मोजून मजुरी घेतली, चहाला नको म्हणाला.
उजवं मनगट डाव्या हातात धरून बसलेला,
घरट्यातून पडलेलं पिल्लू धरावं तसं.

पडला, बसगौडा म्हणाला,
मी विचारायच्या आधीच.

कागद कन्नडात. मला कन्नड येतं
बाजारापुरतं, भांडणापुरतं;
वाचायला गेलं की नुसती गोल गोल भाकऱ्या.
त्यानं बोट ठेवत मराठीत सांगितलं.
‘कुलूप तोडून’ स्वतःच खोडलं,
कारण कुलूप मीच लावायचं विसरले होते.
एवढा सरळ माणूस.
सही हाकरी, म्हणाला.

मी म्हटलं, मनगटाचं लिहा.
ते ह्यात येत नाही.
येऊ द्या.
ताट तुमचंच न्हवं बाई?

आमचंच.
ह्याच ताटातून महिन्याच्या पहिल्या रविवारी
मोडलेलं शरीर वाटतात.
तोही शिपायांचा मार खाऊन
चोरांच्या मधे टांगला गेला,
हे मी बोलले नाही.
ठाण्यात वचनं ऐकवणारी बाई
मलाच सोसली नसती.

सोडा, असंही म्हटलं नाही. चोरी ती चोरी.
गल्लीतल्या पोरी पहाटे नळावर जायला भितात;
त्यांची भीती माझी नाही,
माफ करून टाकायला.

चौदा गावं, रात्री आम्ही तिघं, बसगौडा म्हणाला,
कुणाला म्हणाला कळलं नाही.
टोपी काढली. घातली.
मग लिहिली एक ओळ, तिरकी, समासात.

आता ती खरी कशावरून?
लगम्या, तू किती शिकलास?
सातवी. कन्नड शाळा.
मग वाच.

तो उठला. वर्गात उठतात तसा.
एकेक अक्षर जुळवत
स्वतःची सूज वाचली त्यानं,
‘उजवा’ला अडखळला,
बसगौडानं हळूच शब्द पुरवला.

मी मराठीत सही केली.

ताट अजून कोर्टात आहे.
पहिल्या रविवारी मी घरची स्टीलची ताटली नेते,
तळाशी नवऱ्याचं नाव कोरलेली.
निघताना कुलूप लावते,
दोनदा ओढून बघते.