वाफसा

चौदा वर्षं मी निपाणीभोवती वचन पेरत हिंडलो.
लुना, मागं कर्णा, खांद्याला पिशवी,
पिशवीत पत्रकं; एका अंगाला मराठी, दुसऱ्या अंगाला कानडी,
म्हणजे कोणाची तक्रार नको.
अक्कोळच्या वाटेवर रायगोंडा चौगुले
दर आठवड्याला एक पत्रक मागून घ्यायचा,
मन लावून घडी घालायचा
आणि तिच्यात तंबाखूची चिमूट बांधायचा.
"कागद बरा आहे तुमच्या देवाचा," म्हणायचा.
"आतला माल दमट होत नाही."

मी कुळवाड्याचा पोर. मला कळायला हवं होतं.
बाप मूठभर माती उचलून दाबायचा:
चिकटली, तर थांब.
भुगा झाली, तरी थांब.
गोळा होऊन बोटाच्या धक्क्यानं फुटली, तर वाफसा आला,
कुरी जुंप.
मी एकदाही मूठ उघडून पाहिली नाही.
कर्ण्याचा आवाज तेवढा वाढवत गेलो.

कृपादानांचा अध्याय घेतला त्या रविवारी
योहान थरथरत अनोळखी भाषेत बोलला,
पुढच्या बाकावरच्या शलोमीनं तिला पडलेलं स्वप्न सांगितलं,
आणि तबीथा, वखारीत तंबाखूच्या शिरा काढणारी,
शिंकत शिंकत बोटं मोजत बसली.
बाहेर चप्पल शोधताना म्हणाली,
"वाटप झालं तेव्हा मी पाळीवर असणार, पाळकसाहेब."
मी हसलो.
उत्तर नव्हतं जवळ, हसू होतं.

माघात रायगोंडाच्या चंद्रव्वाच्या अंगावरून वारं गेलं.
अर्धं अंग गेलं, अर्धी जीभ,
आणि चाळीस वर्षं संसाराला वापरलेली मराठी
गिलाव्यासारखी गळून पडली.
खालून निघाली रायबागकडची कानडी,
तीही बोबडी.
एकच शब्द धरून होती. कवडी. कवडी.
पोरांनी जुन्या पेटीतली सारीपाटाची कवडी
तिच्या तळहातावर ठेवली. तिनं फेकली.
थोरल्यानं पासबुक दाखवलं,
"कवडीन् कवडी शाबूत आहे, आई."
तिनं तोंड भिंतीकडं केलं.
रायगोंडाची कानडी बाजारापुरती:
येष्टु, बेडा, नाळे बा.
चाळीस वर्षांत त्याहून जास्त लागली नव्हती.

तबीथा पाळी संपवून गेली. कोणी बोलावलं नव्हतं.
गदगच्या बोर्डिंगात वाढलेली पोर ती,
उशाशी बसली, विचारलं, "येन बेक, यव्वा?"
आणि मग काहीच बोलली नाही.
तीन रात्री नुसता कान.
चौथ्या पहाटे उठून घरी गेली
आणि स्वतःच्या अंगावरची वाकळ घेऊन आली.

कौदी.
आईनं इरकलीच्या चिंध्यांची शिवलेली,
माहेरी राहून गेलेली कौदी
मागत होती बाई.
ही ती नव्हती. तरी चांगलं बोट एकेका टाक्यावरून
शेवटच्या कडेपर्यंत गेलं,
आणि तिला झोप लागली.

भाषेचा अर्थ सांगणं: यादीत होतं ते.
मीच वाचलं होतं, मोठ्यानं.

चैत्रात चंद्रव्वा गेली.
तेराव्या-चौदाव्या दिवशी असेल, रायगोंडा आमच्या पायरीशी उभा,
हातात तंबाखू झटकलेलं पत्रक,
घड्यांवर अक्षरं तुटलेली.
माझ्या जिभेवर चौदा वर्षांची वाक्यं धावत आली.
"मराठी बाजू वाचलीय मी," तो म्हणाला,
"चिमूट संपली की वाचायचो.
ही वाचून दाखवा. ही तिची बाजू."

मी कागद घेतला.
गोल गोल अक्षरं.
छापखान्यानं जुळवली होती, मी नुसती वाटत आलो होतो.

तबीथाला हाक मारली.
ती हात पुसत आली, एकदा शिंकली,
आणि सावकाश वाचू लागली,
मध्येच थांबून त्याच्यासाठी मराठीत सांगत.
रायगोंडा वरच्या पायरीवर.
मी खालच्या,
मूठ उघडी ठेवून.